भागूबाईच्या हातावरचा डाग

४ बहमन, १३३५ फसली
डाक्टरसाहेब दौऱ्यावर. दवाखाना माझ्या गळ्यात. पण लुळ्या अंगाला वीज द्यायची बॅटरीची पेटी वापरायची मुभा देऊन गेलेत, त्यामुळे कंपाउंडर असूनही मान ताठ.
उमापूरची भागूबाई आली. तापानंतर उजवा हात लुळा, बधिर. उपचारासाठी इथं बहिणीकडे उतरलीय. हाताला ओल्या फडक्याची पट्टी बांधली. २४ व्होल्ट, काटा ६ मिलिॲम्पिअरवर. २४ भागिले ०.००६, रोध ४००० ओहम. साहेबांनी सांगितलेत ८ मिलिॲम्पिअर. म्हणजे ३२ व्होल्ट हवेत. उद्या सेल वाढवायचे. स्वतःलाच शाबासकी दिली.

५ बहमन
३२ व्होल्ट लावले. करंट बरा जावा म्हणून पट्टीच्या पाण्यात मीठ टाकलं. ही अक्कल माझीच. काटा पाहिलाच नाही. गणित झालेलं, पाहायचं कशाला! बाहेर पुड्या बांधत बसलो.
सोडायला गेलो तर काटा २० वर. मिठानं रोध उतरून १६०० झालेला. पॉवर ३२ × ०.०२० = ०.६४ वॅट. द्यायची होती पाव वॅट. पट्टीखाली कातडी लालभडक.
"दुखलं का?"
"काय बी कळलं न्हाई बगा."
कळणार कसं? हात बधिर, म्हणून तर बिचारी माझ्याकडे आली.

६ बहमन
हाताला मोठा फोड. मलम लावलं. खरं सांगायला तोंड उघडलं, तर तीच खूश.
"डाग उठला! आता गुण येतोय. आमच्याकडं इळा तापवून डागत्यात, लई आग हुती. तुमचं बरं हाय."
मी नुसतं "हं" म्हटलं. लाज वाटते त्या हंची.

८ बहमन
फोड चिघळलाय. काल जेवण गेलं नाही. बायकोला म्हटलं, पोट बिघडलंय.
आज भागूबाईनं नात आणली. गावाहून मुद्दाम बोलावून घेतलेली. चंपी, पाच-सहा वर्षांची. तापात पाय बारीक झालेला.
"हिला बी माझ्यावाणी डाग उठवा."
नाही म्हणायला तोंड कुठं होतं! साधं पाणी, ८ व्होल्ट. काटा २ वर. डोळे काट्यावरून हलवले नाहीत. चार हजार ओहमच. पॉवर ०.०१६ वॅट. पट्टी सोडली, कातडी जशीच्या तशी. मला हायसं वाटलं. भागूबाईचं तोंड उतरलं.
"डाग कावून न्हाई उठला? लेकराच्या बारीला हात आखडला व्हय?"
"लहान आहे, एवढं पुरे," म्हणालो. सांगायची वेळ तीच होती. नाही सांगितलं. भित्रा मी.
"ऱ्हाऊ द्या. सकाळी मीच इळा तापवते."
डाव्या हातानं पोरीला कडेवर घेतलं. पोरीनं विचारलं, "आजे, दुखंल का?"
"न्हाई गं. मला कुटं दुखलं?"

९ बहमन, उजाडताना
डोळ्याला डोळा लागला नाही. तिच्या बहिणीच्या घरी निघालोय. चूल पेटायच्या आत पोचलं पाहिजे. नोकरी गेली तर गेली.
बोलायचं ठरलंय: "बाई, तो डाग नव्हे. माझ्या चुकीनं तुमचा हात भाजला."
पण तिनं विचारलं, "मग गुण यायचा न्हाई का?" तर—