पातळ वरणाची पोस्ट

पालघर, ८ नोव्हेंबर २०२४

चि. स्वराज यास उषामावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. फोन केला तर तुझी आई स्पीकर लावून बसते, आणि मोबाईलवर लिहिलं की माझ्या हातून ते कुटुंबाच्या ग्रुपवर जातं. मागे ह्यांच्या मूळव्याधीची बातमी अशीच जळगावपर्यंत पोचली होती. म्हणून शेजारचा धर्मेश बोईसरला कामाला येतो, त्याच्या डब्याच्या पिशवीत हे पत्र घातलं आहे.

स्थळ म्हणून आलेल्या मेघालीचा फोटो पाहिल्यावर, पुढे काय झालं असं तू आईला आपणहून विचारलंस म्हणे. आजवर एकाही स्थळाबद्दल तू असं विचारलं नव्हतंस, म्हणून मी उत्साहाने तुझं इंटरनेटवरचं लिखाण उघडलं. दिवसा कारखान्यात माल तपासतोस ते ठीक, पण सुट्टीत लोकांच्या लग्नात जेवून पंगत तपासतोस आणि वर ते जगाला सांगतोस? दोन वर्षांपूर्वी पालघरच्या एका लग्नाबद्दल तू लिहिलं आहेस, की वरण इतकं पातळ होतं की बट्टीला आधी पोहायला शिकवायला हवं होतं. अरे बाबा, ते लग्न मेघालीच्या थोरल्या बहिणीचं होतं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा मी म्हणीत ऐकला होता, भाचा म्हणून मिळेल असं वाटलं नव्हतं.

मुलीचे वडील चंद्रभानदादा मानी आहेत. त्यांनी वाचायच्या आत ते काढ, नाहीतर गोड करून ठेव. आईला यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझी, काळजीने अर्धी झालेली (वजन मात्र तेवढंच),
उषामावशी

बोईसर, १० नोव्हेंबर

ती. उषामावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. धर्मेशभाऊंच्या डब्यातल्या लोणच्याचा त्याला वास होता, त्यामुळे वाचतानाच भूक लागली.

तुला वाटतं मी उगाच चेष्टा करत फिरतो. सुरुवातीला मी ताटांचे नुसते फोटो टाकायचो. चार हजार लोक अंगठे दाखवायचे, पण जिन्यावरून पडून माझा पाय मोडला तेव्हा त्यातल्या एकानेही विचारपूस केली नाही. मग मी फोटो कमी करून लिहू लागलो, आणि जो विचारील त्याला उत्तर देऊ लागलो. आता वाचणारे जेमतेम दोनशे आहेत, पण ते माझ्या भरवशावर आचारी ठरवतात. पाम गावच्या एका बाईंनी मुलीच्या लग्नाचा आचारी बदलला आणि मला आग्रहाने पहिल्या पंगतीला बसवलं. तुझ्याकडे मुरब्याहून मासे घेऊन येणाऱ्या रखमाबाईला तिची नात माझं लिखाण वाचून दाखवते. रखमाबाईने मला बाजारात अडवून सांगितलं, की तू लिवतोस ते खरं हाय, पन आमच्या घरी जेवाला येशील तर आदी सांगून ये.

म्हणून ओळ बदलताना हात अडखळला. पण मावशी, मेघाली मला मनापासून आवडली आहे, आणि वरणापायी ती हातची जावी असं मला वाटत नाही. शेवटी पातळ वरणाचं मी अमृततुल्य वरण करून टाकलं. आता तुझं समाधान झालं असेल. माझं झालेलं नाही.

माया आहे तशीच राहू दे, आणि पिशवीत लोणचं वेगळं पाठव.
तुझा,
स्वराज

पालघर, १७ नोव्हेंबर

चि. स्वराज यास आशीर्वाद.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मेघालीने तुझी ती पोस्ट दोन वर्षांपूर्वीच वाचलेली होती. बहिणीच्या लग्नात वरण पातळ झालंय असं तिने वडिलांना तेव्हाच सांगितलं होतं. चंद्रभानदादांनी उडवून लावलं, कारण हात धुऊन निघालेला प्रत्येक पाहुणा त्यांना छान झालं असंच सांगून गेला होता. तिच्या बाजूने बोलणारा अख्ख्या मांडवात कोणी नव्हता, तुझं लिखाण सोडून. तो लिहिणारा म्हणजे तूच हे कळल्यावर ती इतकी खुश झाली, की परवा वडिलांना समोर बसवून तिने मोठ्या ऐटीत ती पोस्ट वाचायला घेतली. आणि निघालं अमृततुल्य. वडील पोट धरून हसले आणि पोर रडकुंडीला आली.

तिने मला निरोप दिला आहे. माझा फोटो बघून ज्याचं वरण घट्ट झालं, त्याने उद्या मला चांगलं म्हटलं तर ते मी कसं खरं मानू, असं ती विचारते. चूक माझी आहे. लोकांची मनं सांभाळता सांभाळता मी तुझीच किंमत कमी केली, याचं मला फार वाईट वाटतं.

आता काय करायचं ते तूच ठरव. मावशीचं ऐकू नकोस, पण मावशीला टाकू नकोस.
उषामावशी

बोईसर, १९ नोव्हेंबर

ती. उषामावशीस,
सा. न. वि. वि.

मूळ ओळ परत घातली. खाली लिहिलं, की एका मुलीचा फोटो पाहून मी हे वरण मध्यंतरी घट्ट केलं होतं, माझ्यावर विसंबणाऱ्यांनी माफ करावं. मुलीचं नाव अर्थातच लिहिलं नाही. लोकांनी यथेच्छ धुतलं. पामच्या बाईंनी तर विचारलं, की मुलगी शोधायला पंगतीत बसता की जेवायला. प्रत्येकाला उत्तर दिलं. तुझं नाव कुठेच घेतलं नाही, कारण ओळ बदलणारं बोट माझं होतं.

ती नाही म्हणाली तर मला फार लागेल, हे तुला सांगून ठेवतो. पण आता तिने वाचलं तर मीच सापडेन.

तुझ्यावर राग नाही. जीव आहे, तो असाच दोन्हीकडून राहावा.
स्वराज

पालघर, २ डिसेंबर

श्री. स्वराज यांस,
स. न. वि. वि.

लिहायचं ते कागदावर लिही, धर्मेशभाऊ पोचवतील, असं उषामावशी म्हणाल्या. आमच्या घरातही स्पीकर लावणारी माणसं आहेत, म्हणून मला ते पटलं.

तुमची कबुली वाचून बाबांनी ताईच्या लग्नाला आलेल्या एकेकाला फोन करून वरणाचं विचारलं. सगळे कबूल झाले. सख्ख्या आत्यानेसुद्धा सांगितलं, की तिने घरी जाऊन पुन्हा खिचडी टाकली होती. मग बाबा तुमच्यावर न रागावता, त्या छान म्हणणाऱ्यांवर चिडले, आणि तुम्हाला जेवायला बोलवा म्हणाले.

काल तुम्ही आलात, वांग्याची भाजी दोनदा मागून घेतलीत, आणि आईने विचारल्यावर खाली करपली आहे असं सरळ सांगितलंत. उषामावशींनी कपाळाला हात लावला. आईचा चेहरा पडला, कारण ती भाजी मी केली होती आणि ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. तुम्ही बाहेर काय बोलता ते ऐकत मी दाराशी उभी राहिले, म्हणून भाजी खाली लागली.

रात्री बाबांनी विचारलं, तेव्हा मी होकार दिला. अशाने आपलं भांडण होत राहील. पण मी केलेलं चांगलं झालं, तर ते मला तुमच्याकडून खरं कळेल. मला तेवढं हवं होतं.

एकच अट आहे. आपल्या लग्नाच्या जेवणावर तुम्ही लिहायचं नाही, मी लिहीन. जे असेल तेच.

ओळख नवी आहे, ती सावकाश जुनी व्हावी.
मेघाली