कारण नसलेल्या देवाचा हेवा

प्रिय अहो,

तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ बोलले. पण आज कागद घेऊन बसले, कारण आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. तोंडानं भांडायला लागले की रडू येतं. लिहून बघते.

सकाळी उपासना आटोपून घरी आले, तर व्हरांड्यात वकीलसाहेब बसलेले! तुमचे मनोहरराव. तुम्हाला मातीआड केल्यानंतर अमरावतीच्या या घराची पायरी ते आज पहिल्यांदा चढले. म्हणाले, "काय करू वहिनी, रविवार आला का पाय इकडेच वळते, आज काई आवरले नाही."

किती वर्षं चालला हो तुमचा वाद! ते देव न मानणारे, आणि तुम्ही शाळेत गणित शिकवणारे अन् चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे. चहा हातात आला की त्यांचं सुरू व्हायचं, "मास्तर, सगळ्याले कारन लागते म्हनता, तं मंग देवाले कोनं केलं?" आणि तुमचा चेहरा असा उजळायचा! माझ्या कोणत्या प्रश्नानं उजळला कधी?

"सगळ्याले लागते असं मी म्हनतच नाही," तुम्ही म्हणायचे. "ज्याले सुरुवात हाये, त्याले कारन लागते. देवाले सुरुवातच नाही." मग माझ्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवून तुम्ही साखरेचं उदाहरण सांगायचे. या घरानं शेजारून वाटीभर साखर उसनी आणली, शेजारच्यांनी पलीकडून. सगळेच उसनी आणत असतील तर गल्लीत साखर आली कुठून? कोण्या तरी घरी स्वतःची असलीच पाहिजे! आपण सारे उसनं असणं घेऊन जगतो, देवाचं तेवढं स्वतःचं.

साखर माझी, डबा माझा, चहाही माझा. मी दारातच उभी असायचे. मला काय वाटतं, हे एकदा तरी विचारलंत?

मी जळायचे. वकीलसाहेबांवर जळायचे, आणि खरं सांगू? देवावरही. पहाटे गुडघे टेकून तुम्ही त्याच्याशी जेवढं बोलायचे, तेवढं माझ्याशी दिवसभरात बोलत नव्हतात. सवत असती तर तिच्याशी भांडले असते. देवाशी भांडून बाईनं जावं कुठं?

तेही गिळलं असतं मी. पण आज वकीलसाहेब काय सांगून गेले!

आपल्या निशाच्या घराजवळ, अकोल्याच्या त्या दवाखान्यात तुम्ही होतात, तेव्हा मी लेकीकडे डबा आणायला गेले की ते तुमच्यापाशी बसायचे. एका दुपारी त्यांनी विचारलं म्हणे, "मास्तर, आता तरी खरं सांगा. हे तुमचं मनातून पटते का तुमाले?" तुम्ही म्हणालात, "पटते. पन पटलं म्हनून भेव जात नाही. लय भेव वाटून राह्यलं. इले सांगू नोका."

मला सांगू नका? मला!

मला तर हसून म्हणत होतात, "प्रभूच्या हातात हाये सगळं, तू जेवून घे." आणि मी वेडी जेवत होते! तुमचा वाद त्यांच्या वाट्याला, प्रार्थना देवाच्या. निदान दुखणं तरी माझं, असं मी समजून होते. पाय मी चेपले, औषध मी दिलं. आणि तुमचं भेव मात्र त्यांना दिलंत?

"मंग तुमी काय केलं?" मी विचारलं.

"हात धरला. मले प्रार्थना कुठं येते? मास्तरचा डोळा लागला, तरी तसाच बसलो."

त्यांचे डोळे भरून आले होते. माझा जीव मात्र त्यांच्या त्या हातावर जळत होता.

थोड्या वेळानं, कोर्टातल्या आवाजात नव्हे, अगदी हळू त्यांनी विचारलं, "एक प्रश्न राहूनच गेला, वहिनी. ज्या देवाले कारन बी लागत नाही, कोनाची गरज बी नाही, तो आपल्यावर कायले प्रेम करीन?"

मी बोलून गेले, "गरज नाही म्हनूनच तं ते प्रेम हाये. मी केलं ते गरजेपोटी. मले मास्तर सगळेच्या सगळे पाहिजे होते, म्हनून तं तुमच्यावर जळते. देवाले आपल्याकडून काईच नको होतं, तरी त्यानं आपल्यासाठी सोताचा लेक क्रुसावर दिला. आता त्याले कारन मी कुठून आनू?"

त्यांना पटलं की नाही, देव जाणे. मलाही ते बोलता बोलताच कळलं. पण कळलं म्हणून जळणं थांबतं का हो? तुमचं भेव तरी कुठं थांबलं होतं?

असं का केलंत? मी मोडून पडेन असं वाटलं? तुमच्यासोबत थोडी भ्याले असते, एवढंच ना! दोघं मिळून भ्यालो असतो.

वकीलसाहेबांना येत्या रविवारी या म्हटलंय. आता मी दारात उभी राहणार नाही, खुर्ची ओढून मधे बसणार. आणि वचन देते, माझी वेळ येईल तेव्हा निशापुढे तुमच्यासारखं हसणार नाही. भेव वाटलं तर तिचा हात धरून सांगेन, "मले भेव वाटते, बाई."

आपण भेटलो की तुमचं ते सगळं आधी मला सांगायचं, अगदी पहिल्यापासून. तोवर देवाला म्हणा, जरा बाजूला बस. ज्याला सुरुवात नाही अन् शेवट नाही, त्याला कसली आली घाई?

फक्त तुमचीच,
विमल