न चाखलेली खीर

६ जानेवारी, सोमवार
डोकं नुसतं तडकलंय! सलिल म्हणतो, ‘चौथा मजला’ला आता खलनायिका हवी. सलिल म्हणजे चॅनेलचा माणूस. मुंबईत एसीत बसतो आणि वारज्यात माझ्या जेवणाच्या टेबलावर वादळं पाठवतो. दोन आठवडे टीआरपीचे आकडे पडलेत म्हणे. पडणारच! एक साखरपुडा सहा महिने पाणी घालून वाढवला. प्रेक्षक काय दुधखुळे आहेत?

संवाद मी लिहिते. लोकांनी ही मालिका डोक्यावर घेतली ती त्यातल्या नलिनीवहिनीमुळे, आणि नलिनी म्हणजे सरळसरळ आमची विश्रांतवाडीची वहिनी. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची, दादाचं नुकतंच लग्न झालेलं. तेव्हापासून माझ्या ताटात पडणारं सगळं वहिनी आधी तळहातावर घेऊन चाखायची. आमटी, काकडी, खोकल्याचं औषधसुद्धा. ते जसंच्या तसं मालिकेत घेतलं आणि बायका रडल्या. खोटे दागिने नि ढणढण संगीत नाही लागलं त्याला.

वहिनी रोज साडेसातला शेजारणींना बोलावून बघते. त्यांना सांगते, ही मीच बरं का.

७ जानेवारी
ठरलं. खलनायिका नलिनीच. नणंदेच्या शेवयांच्या खिरीत काहीतरी कालवणार. प्रेक्षकांना कळणार कसं? – या वेळी ती खीर चाखत नाही. सलिलने टाळ्या वाजवल्या. मेल्यांना लाज नाही!

९ जानेवारी
सीन लिहून पाठवला. मी नाही लिहिला तर दुसरं कोणी लिहील, आणि वाईट लिहील.
छान झालाय. त्याचाच राग येतोय.

१३ जानेवारी, सोमवार
सीन टीव्हीवर दाखवला. समोरच्या मेहजबीनभाभींनी दार वाजवून विचारलं, तुमची वहिनी अशी कशी हो झाली? त्यांना म्हटलं, चॅनेलला विचारा. भाभींचं तोंड उतरलं. त्यांचा काय दोष! पण दोन वर्षं एक माणूस घरात येतं आणि एका संध्याकाळी तुम्ही त्याच्या हातात विष देता – चिडणार नाहीत तर काय?

विश्रांतवाडीहून फोन नाही. रोज आठ वाजता येतो.

१४ जानेवारी
संक्रांत. फोन नाही. मी तीनदा केला, उचलला नाही.

१९ जानेवारी, रविवार
न सांगता जाऊन धडकले. दादाने दार उघडलं. वहिनी स्वयंपाकघरात. जेवायला वाढलं सगळं, माझ्या आवडीचं. आमटीचा डाव उचलला, दुसरा तळवा सवयीने पुढे आला आणि तिने तो पदराला पुसला. तशीच वाढली. दादाला कुठे काय कळतंय! म्हणतो, जपून गं अपेक्षा, न चाखता वाढलंय. एकटाच हसला.

साडेसात वाजले. टीव्ही बंदच. शेजारणींनी विचारलं असणार. काय सांगितलं असेल तिने?

निघताना चप्पल घालत होते, तेव्हा म्हणाली, “ते खीर न चाखण्याचं कुणी सुचवलं?”
“चॅनेलने,” मी म्हटलं.
“बरं.”

रिक्षात बसून सलिलला येतील तेवढ्या शिव्या दिल्या. मनातल्या मनात. माणसं विकून खातात हे लोक!

२३ जानेवारी, गुरुवार
आकडे आले. पहिल्या पाचात! सलिलने पेढ्याचं चित्र पाठवलंय. सगळे मला शाबासकी देतायत. ब्लॉक केलं त्याला. मग पुन्हा सुरू केलं, उद्याचे सीन जायचेत.

२४ जानेवारी
ऑफिसला जाताना दादा डबा ठेवून गेला. शेवयांची खीर. झाकणाला चिठ्ठी चिकटवलेली, वहिनीच्या अक्षरात: ‘चाखली आहे.’

डबा उघडलाच नाही. फोन लावला. आज उचलला. म्हटलं, वहिनी, चॅनेलला फक्त खलनायिका हवी होती. खिरीचं मी सुचवलं.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “न चाखण्याचं सुचायला चॅनेलला मी कधी चाखून वाढलं होतं?”