वरच्या तुकड्याचं काय करायचं

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, धंदा एकही धड नाही, मामाच्या घरी वाढलेला, आज पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. उलट लिहू नकोस असंच सगळे म्हणाले. या वयात असलं काही करणं अभद्र दिसतं म्हणे. पण यंदाचा पावसाळा मी डोंगरावरच्या पहारेकऱ्याच्या पत्र्याच्या खोलीत काढणार आहे, आणि त्या खोलीच्या मागून भेग गेलेली आहे. भेग रुंदावली की लोखंडी पाइप बडवून खालच्या घरांना बाहेर काढायचं, हे माझं काम. ते मला कोणी दिलेलं नाही. तेव्हा माझ्यामागे घोळ नको.

मजकूर वकिलांना दाखवला. त्यांनी बऱ्याच ओळी खोडायला सांगितल्या, त्या तशाच ठेवल्या आहेत.

१. जंगम मालमत्ता. पाठीवरची पिशवी, तंबू आणि माउथ ऑर्गन माझ्या ट्रकवाल्या मित्राला, ज्याला सगळे 'हळू' म्हणतात. तो गाडी अशी चालवतो की सायकलीसुद्धा पुढे जातात. मी पहिल्यांदा घरातून पळालो तेव्हा त्यानेच मला गाडीत घेतलं आणि मामाला तसं कळवलंही; दोन्हीकडे इमान राखणारा माणूस. तंबूला भोक आहे. ते मी बंदरावर जहाजं रंगवायला होतो तेव्हाचं. तिथला मुकादम रोज संध्याकाळी... पण ते राहू दे.

२. माझा फोन कोणाला देऊ नये, फोडावा. गेल्या पावसाळ्यात दरड कोसळली त्या दिवशी मी चार गावं पलीकडे एका बेकरीत ट्रे धूत होतो. फोनवर चित्रं आली. बेकरीतले सगळे हळहळले, सरकारला शिव्या घातल्या, पावसाला घातल्या, मग खाणवाल्यांना. सगळ्यात मोठ्या तोंडाने मी घातल्या. वर लिहूनही टाकलं की डोंगर पोखरणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही. लोक वाहवा म्हणाले. मग एका चित्रात पाण्याची टाकी दिसली, तिच्यावर आम्ही लहानपणी कोळशाने काढलेलं गाढव दिसलं, आणि मला कळलं की हा आमचाच डोंगर. तरीही मी ते लिहिलेलं पुसलं नाही. वाहवा येत होती ना.

३. स्थावर मालमत्ता. डोंगराचा वरचा तुकडा. मी सज्ञान झालो त्या आठवड्यात मामाने तो माझ्या नावावर केला. मला वाटलं, माया. खरं म्हणजे मोठी खाण काढली तर चौकशी लागते, आणि तुकडे चार नात्यांत वाटले तर लागत नाही. मी जेवत होतो. सही कुठे करू, एवढंच विचारलं. चतुःसीमा अशी: पूर्वेस मामाचा तुकडा, जो आता जागेवर नाही. पश्चिमेस ओढा. उत्तरेस कडा. दक्षिणेस कागदात 'मोकळी जागा' लिहिलं आहे. ते खोटं आहे. दक्षिणेस घरं आहेत, आणि घरांत माणसं.

४. मामाला मी काहीही ठेवत नाही. त्याने मला खाऊपिऊ घातलं, शाळेत घातलं (शाळा मी सोडली, त्यात त्याचा दोष नाही), आणि एक शब्द दिला. खाणीवर माती घसरली की आमच्याकडे म्हणायचे, 'डोंगर बसतोय.' नवी भिंत बसते, विहिरीचा गाळ बसतो, तसं. ऐकायला किती बरं वाटतं. मी तो शब्द दुधाबरोबर प्यायलो. माझ्या तुकड्यावर कोणी तो उच्चारू नये. घसरतोय म्हणावं, आणि पळावं.

५. इस्त्रीवाल्या मावशींबद्दल. दरडीच्या आदल्या पावसाळ्यात मी भटकून घरी आलो होतो. एका लग्नासाठी शर्ट घेऊन त्यांच्या टेबलाशी उभा होतो. त्या म्हणाल्या, मागच्या भिंतीतून चिखल येतोय, हे म्हणतात बहिणीकडे जाऊन राहू. मी घाईत होतो. म्हणालो, "मावशी, डोंगर बसतोय. बसू द्या." त्यांनी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की खाणवाल्यांचं पोरच असं म्हणतंय, म्हणजे भीती नाही. ते राहिले. तो पावसाळा निभावला, म्हणून पुढचाही राहिले. मावशी त्या दिवशी कपडे पोचवायला गेल्या होत्या. काका घरात होते.

मी वरचा तुकडा त्यांच्या नावे करायचं ठरवलं आणि सांगायला गेलो. त्यांनी इस्त्री उभी केली.

"माती नको रे बाबा," त्या म्हणाल्या. "घरात आली तेवढी पुरली."

त्यांनी पुढचा शर्ट घेतला.

६. मामेभाऊ, म्हणजे दादा, याला तुकडा कोणत्याही वाटेने मिळू नये, यासाठीच हे सगळं. दरडीनंतर लोकांनी मोर्चे काढले, मेणबत्त्या लावल्या, गाडीभर जुने कपडे आणून टाकले (त्यांत एक सर्कशीतल्या विदूषकाचा कोट होता). पुढच्या उन्हाळ्यात सगळं निवलं. दादा कागद घेऊन आला, वरून खडी काढायची म्हणून. मी नाही म्हटल्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, "डोंगर सांभाळायला निघालाय! याला स्वतःची चप्पल सांभाळता येत नाही." चपलेचं खरं आहे. पण मी लग्न केलेलं नाही, आईवडील लहानपणीच गेले. वर जर माझं काही झालं, तर कागदावर जवळचा मामा, म्हणजे पुढे तोच.

७. म्हणून वरचा तुकडा मी दक्षिणेकडच्या सर्व घरांना, एकत्र आणि अविभक्त, देतो. विकायचा झाला तर प्रत्येक घराची सही लागेल. या लोकांचं चढावरच्या सामाईक जिन्यातल्या दिव्याच्या रंगावरही आजवर एकमत झालेलं नाही. माझा सगळा भरवसा त्यावर आहे.

८. सहीसाठी साक्षीदार हवे होते. 'हळू' आला. दुसरं कोणी येईना, दादाशी वाकडं कोण घेणार? तेव्हा इस्त्रीवाल्या मावशी स्वतःहून आल्या. वकिलांनी त्यांना अडवलं. म्हणाले, "बाई, तुमचं घर यादीत येतं. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही. सही केलीत तर तुमचा वाटा गेला." मावशींनी विचारलं, नक्की? वकील म्हणाले, नक्की. मग त्यांनी पेन मागितलं.

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "आधी पाइप कसा वाजतो ते ऐकव. आवाज खालपर्यंत येतो का बघू."

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: वरच्या तुकड्याचा सध्याचा मालक

साक्षीदार १: 'हळू', ट्रकचालक
साक्षीदार २: इस्त्रीवाली, स्वतःच्या हाताने, वाटा सोडून

ठिकाण: वकिलांची खोली, पंख्याखाली
दिनांक: पावसाळ्याआधीचा शेवटचा सोमवार, आकडा वकील शिक्क्यासोबत घालतील