जिभेवर चिमूटभर

१८ नोव्हेंबर

थुंकला. परत थुंकला. जिरं, मिरी, सैंधव, नावापुरता हिंग — सकाळपासून खलबत्ता घेऊन बसले होते. बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावलं आणि महाराजांनी ते सरळ उशीवर सोडून दिलं. अभ्रा आजच बदलला होता.

तोंडाने अजून नाव घेत नाही, कागदावर घेते — धर्मेंद्र. माझा नवरा. लोणखेड्यात कॉलेजच्या गेटवर पॉपकॉर्नची गाडी लावायचा. श्रावणात एका सकाळी गॅस पेटवता पेटवता तिथेच कोसळला. डोक्यात रक्ताची गाठ अडकली म्हणाले. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. आता खाटेवर असतो. डावा हात हलवतो, डोळे उघडे ठेवतो, भिंतीकडे बघतो. मला ओळखतो की नाही, देव जाणे. डॉक्टरांना तेवढं एकच विचारलं होतं. म्हणाले, "त्यांना किती समजतंय ते आज सांगता येत नाही. ओळखीचे आवाज, ओळखीचे वास, ओळखीची चव देत राहा."

ओळखीची चव म्हणजे दुसरी कोणती असणार? त्याचा मसाला! पोरं-पोरी लाह्यांसाठी थोडीच यायची, त्या मसाल्यासाठी यायची. आणि तो कसा करतात हेच मला ठाऊक नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्याने कधी हात लावू दिला नाही. अंगणात माझ्याकडे पाठ करून कुटत बसायचा, जसं काही मी दुकान टाकणार होते समोर. विचारलं की म्हणायचा, "हातना अंदाज शे. सांगता नही येत." आता हातही पडून आहे आणि अंदाजही.

पॉपकॉर्न द्यायचं नाही, श्वासात अडकेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून नुसता मसाला. चिमूटभर. ओळखीची चव लागली तर बोलेल, निदान माझ्याकडे बघेल, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

१९ नोव्हेंबर

लसूण-शेंगदाण्याचा. थुंकला नाही. गिळलाही नाही. गालातच राहिला. शेवटी फडक्याने मीच पुसून काढला.

२२ नोव्हेंबर

आज स्वतःचाच राग आला. काल नंदुरबारहून आलेल्या मिरच्या घेतल्या, चांगल्या लालभडक. उन्हात कडक केल्या, देठं मोडली, आणि कुटायच्या आधी तेलाचा हात फिरवला. विचार केलाच नाही, हातच गेला तेलाच्या वाटीकडे. आमच्याकडे तिखट असंच करतात. रंग धरतो, वर्षभर टिकतं. तेलाशिवाय मिरची कुटणाऱ्या सुनेला आमच्या गावात कोणी सून म्हणणार नाही.

भाजीला ठीक आहे हो. लाह्यांवर टाकलं तर सगळे गोळेच गोळे! एका लाहीवर ढीग आणि बाकीच्या कोऱ्या. थोड्या वेळाने तर सगळ्याच मऊ पडल्या, ओल्या कापसासारख्या. शेजारच्यांच्या शेळीने खाल्ल्या, तीसुद्धा अर्ध्या.

तो धड असता तर हसला असता. "बारावी शिकेल शे ना तू?" असं म्हणाला असता. ते लिहिताना त्याचा आवाज आठवून पाहिला. शब्द आठवले, आवाज आला नाही. श्रावण म्हणजे काही फार जुनी गोष्ट नव्हे. मी नवऱ्याचा आवाज विसरायला लागले आहे.

२५ नोव्हेंबर

गाडी बाहेर काढली. ताडपत्रीखाली कोळ्यांनी घर केलं होतं, ते झाडलं आणि ढकलत गेटपर्यंत नेली. म्हटलं आपला मसाला लोकांना तरी चालतो का बघू. तो काही सांगत नाही, ते तरी सांगतील.

मिरची या वेळी कोरडी कुटली होती. मीठ तव्यावर भाजून पिठासारखं केलं होतं. सुटसुटीत पडत होतं, लाह्यांना चिकटतही होतं. एका मुलीने दोन लाह्या तोंडात टाकल्या आणि विचारलं, "काकांचा मसाला नाही का?" मी म्हटलं, हाच तो. ती "अच्छा" म्हणाली. चांगल्या घरची मुलगी. पुडा हातात धरून गेली, कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत.

अर्धी पातेली परत आणली. येताना वाटलं, गाडी अशीच कालव्यात ढकलून द्यावी.

२८ नोव्हेंबर

सासूबाई — सुंदरबाई — आज भडकल्या. ओवा आणि आमचूर घालून केलेला नवा मसाला मी त्याच्या जिभेला लावत होते. माझा हात धरून बाजूला केला. "माणूस शे तो, पाटा नही. जे ते त्यानावर वाटी ऱ्हायनी तू!"

मग मी चुलीशी गेल्यावर स्वतः वाटीत गुळाचं पाणी कालवून आणलं. लहानपणी आवडायचं म्हणे. चमच्याने घातलं. तोंडाच्या पडलेल्या बाजूने सगळं ओघळून मानेत गेलं. "धरम्या, पी ना रे बेटा, पी ना," असं किती वेळ चाललं होतं. मग ओट्यावर जाऊन बसल्या पदर तोंडाला लावून. मी पोळ्या करत होते. पोळ्याच करत राहिले. कोणी कोणाला काय सांगायचं?

१ डिसेंबर

पुदिना. काही नाही.

२ डिसेंबर

बायका भेटायला येतात आणि म्हणतात, धीर धर, बरं होईल. बरं होईल म्हणजे काय होईल? तो आत आहे की नाही, एवढंच मला कळायला हवंय. आत असेल तर जन्मभर भरवीन, पुशीन, कूस वळवीन. पण आत कोणी नसेल तर मी हे कोणाचं करते आहे?

असं लिहू नये. पण लिहिलं.

३ डिसेंबर

शहाद्याच्या बाजारात आमचूर घ्यायला गेले. धडगावकडच्या बायका जीप भरून येतात, रस्त्याच्या कडेला पोती मांडतात. मी नेहमीसारखी पांढऱ्याशुभ्र फोडींच्या पोत्यासमोर बसले. बाई ओळखीची निघाली. फुलीबाई. माझी नाही, त्याची ओळख. "धर्मेंद्र पॉपकॉर्न" लिहिलेली त्याची पिशवी माझ्या हातात होती, ती तिने ओळखली.

"तुझा माणूस कुठंय? त्याचं काळं ठेवलंय मी."

मी म्हटलं, काळं म्हणजे? तिने मागून एक गाठोडं ओढलं. काळपट, वाकड्या-तिकड्या फोडी, सालीसकट. नाकाशी नेल्या तर आंब्याआधी धूर. "हे वाळत घातलं तेव्हा पाऊस आला. मग चुलीच्या वर टोपलीत वाळवलं. काळं झालं. व्यापारी घेत नाही, पांढरं मागतो. तो हेच नेतो."

एवढी वर्षं मी पांढराच आमचूर चांगला समजत आले. त्याला बाजारातून आणायला सांगितला की तोही मला पांढराच आणून द्यायचा. काळा स्वतःच्या पिशवीत. लबाड माणूस.

तो आजारी आहे म्हटल्यावर फुलीबाईने गाठोडंच माझ्या मांडीवर ठेवलं. पैसे घेतले नाहीत.

४ डिसेंबर

आज दत्तजयंती. सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा सुरू. दरवर्षी गाडी तिकडे जायची. सकाळपासून रस्त्यावरून माणसं भरभरून चालली आहेत.

मी अंगणात बसले. काळ्या फोडी तव्यावर गरम केल्या, त्याशिवाय त्या कुटल्या जाईनात. कोरडी मिरची, भाजलेलं मीठ, थोडं जिरं. बाकी काही नको, असं हातानेच सांगितलं. दोनदा चाळला. आणि तो वास उठला. गाडीचा वास. त्याच्या सदऱ्याचा. दिवस संपल्यावर तो दारात चपला काढायचा तेव्हा घरात शिरणारा.

आतून सासूबाईंचा आवाज आला. "धरम्या उठना का व?"

मला रडू आवरेना.

५ डिसेंबर

दिला नाही.

डबीत भरून फडताळात ठेवलाय. सासूबाई दोनदा म्हणाल्या, "दे ना त्याले." मी म्हटलं उद्या. कारण हाही थुंकला तर मग काय राहिलं? आतापर्यंत प्रत्येक वेळी म्हणता येत होतं, चूक मसाल्याची आहे. आता मसाला बरोबर आहे. जोवर देत नाही तोवर तो आत असू शकतो.

६ डिसेंबर

आजही नाही. भित्री आहे मी.

७ डिसेंबर

आज पेज भरवताना त्याने माझ्या बांगडीला हात लावला. की नुसता हात पडला? सासूबाई म्हणतात, लावला. त्यांना तर सगळंच दिसतं. मी पुन्हा बांगडी त्याच्या हाताजवळ नेली. काही नाही.

उद्या देते. काय व्हायचं ते होवो.

८ डिसेंबर

दिला.

गिळला. ओठ चाटत राहिला. मग डोळे भिंतीवरून निघाले आणि माझ्या तोंडावर येऊन थांबले. श्रावणानंतर पहिल्यांदा. सासूबाई खाटेचा पाय धरून खालीच बसल्या. मी वाकले, म्हटलं, "मी शे. यामिनी."

अर्ध्या तोंडाने हसला. डावा हात गाडीवर असल्यासारखा चादरीवर पुडा चाचपू लागला. आणि बोलला. जड, पण अगदी स्पष्ट.

"कितलानं देऊ, ताई?"

मी म्हटलं, "दहानं दे, भाऊ."