नवरीच्या खोलीतले फोटो

१२ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून मी स्त्रीवादी. निर्णय पक्का.

कारण असं की डिसेंबरात आमच्या बामाको शहरात मोठं फोटोप्रदर्शन भरतंय, ‘बाईची नजर’. जेनेबा केइता नावाची पोरगी भरवतेय. काल तिला भेटलो. म्हणाली, काका, यंदा बायकांनी काढलेले फोटो लावणार. म्हटलं, अगं, तीस वर्षं मी बायकांचेच फोटो काढतोय, माझ्याइतकं बायकांकडे या गावात बघितलंय कुणी? म्हणाली, तीच तर तक्रार आहे.

ते केइता घराण्याचे, आम्ही कुलिबाली. वाडवडिलांपासून थट्टेचं नातं. त्यांनी आम्हाला चवळीखाऊ म्हणायचं, आम्ही त्यांना आमचे नोकर म्हणायचं, आणि कुणीच रागवायचं नाही. मी रागावलो नाही. फक्त ठरवलं की जेवायचं नाही. (तेनिननं, म्हणजे बायकोनं, चवळीची भजी केली होती. चार घास खाल्ले.)

शेवटी पोरगी नमली. पुरुषांसाठी एक भिंत ठेवते म्हणाली. अट एकच. फोटोतली बाई तुमच्यासाठी पोझ देऊन बसलेली नको.

एवढंच? हातचा मळ.

१३ ऑक्टोबर

दिवसभर पेट्या उपसल्या. तीस वर्षांतल्या बायका. सगळ्यांची हनुवटी वर, हात गुडघ्यावर, नजर माझ्यावर. हनुवटी मीच वर करायला लावतो, त्याशिवाय बटण दाबत नाही. आमच्या स्टुडिओची ती खासियत. एक बाई हसताना सापडेल म्हणून बघितलं. नाही. हसू नका अशी पाटीच आहे आपल्याकडे.

संध्याकाळी निळी पेटी उघडली आणि सापडलं! नवरीच्या खोलीतले फोटो. नवरी वाकडं तोंड करून मेंदी फुंकतेय. म्हातारी पाठराखीण तिच्या मांडीवर डोकं ठेवून घोरतेय. मावश्या पोट धरून हसतायत. कुणाचंही लक्ष कॅमेऱ्याकडे नाही. वा! काय हात आहे माझा!

तांत्रिकदृष्ट्या हे तेनिननं काढलेत. लग्नाआधी नवरी आठवडाभर त्या खोलीत असते, पाठराखीण दारात बसते आणि पुरुषाला उंबरठा ओलांडता येत नाही, मग तो कुणी का असेना. म्हणून बावीस वर्षं तेनिन दुसरा कॅमेरा घेऊन आत जाते आणि मी अंगणात खुर्चीवर बसून सगळी जबाबदारी सांभाळतो. कॅमेरा माझा. फिल्म माझी. मागे शिक्का माझ्या स्टुडिओचा. उरलं काय? बोट.

१५ ऑक्टोबर, दुपार

प्रदर्शनासाठी स्टेटमेंट लिहितोय. विषय : बाईचे अदृश्य कष्ट. घरात कुणी आवाज करू नये म्हणून बजावलं. तेनिननं विचारलं काय लिहिताय. सांगितलं. म्हणाली, मग तेवढं भाताकडे बघा, मी पाणी भरून येते.

भात करपला. स्टेटमेंट अप्रतिम झालंय.

१९ ऑक्टोबर

जेनेबाला फोटो दिले. तिनं एकेक उचलून बघितला. डोळे पुसले. विचारलं, हे तुम्ही काढले? म्हटलं, स्टुडिओनं काढले. (यात खोटं काय?) मग तिनं विचारलं की काका, तुम्हाला आत येऊ कसं दिलं. मी फक्त एक शब्द बोललो. विश्वास. ती माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघत राहिली. थोर माणसाकडे लोक असंच बघतात.

आख्खी भिंत देणार म्हणाली. गुरुवारी रेडिओवर बोलायलाही बोलावलंय.

तेनिनला अजून सांगितलं नाही. उद्घाटनाला एकदम दाखवीन. चकित होईल.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

रेडिओ झकास झाला. तिथल्या मुलाखत घेणाऱ्या मुलीनं विचारलं, इतके आतले क्षण कसे मिळाले? मला शब्द सुचत गेले. म्हणालो, बामाकोतल्या निम्म्या नवऱ्यामुलींच्या खोल्यांत मी राहिलोय. कोपऱ्यात, सावलीसारखा. त्यांना पत्तासुद्धा लागला नाही.

स्वतःच्याच अंगावर काटा आला.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळ

लोकप्रियता म्हणतात ती हीच! स्टुडिओसमोर पंधरावीस बायका जमल्यात. सगळ्यांच्या हातात मुसळं. बाजरी कांडता कांडता तशाच धावत आल्या असणार बिचाऱ्या. शर्ट बदलून बाहेर जातो.

तीच सकाळ, जरा नंतर

डार्करूममधून लिहितोय. आतून कडी लावली आहे.

पुढारी म्हणजे सितान आजी, पाठराखीण. निम्म्या गावाच्या नवऱ्यामुली तिनं सांभाळल्यात. दार बडवतेय. ओरडून विचारतेय की मेल्या, माझ्या भाचीच्या लग्नात तू कुठं होतास, पलंगाखाली की ट्रंकेत? पोरगी न्हात होती तिथं हा सावली होऊन उभा! दुसरी म्हणतेय, नमाज सुटू दे, माझा नवरा येतोय, तो करील याची सावली.

शांतपणे विचार केला. आत होतो म्हटलं तर हाडं मोडतील. नव्हतो म्हटलं तर फोटो कुणी काढले? तिसरा मार्ग असलाच पाहिजे. अजून सापडला नाही.

आता तेनिनचा आवाज येतोय. बाजारातून आली. बाजारात सगळ्यांच्या टपऱ्यांवर रेडिओ असतो हे लक्षातच आलं नव्हतं.

तीच दुपार

जसं ऐकलं तसं लिहितो. तेनिन म्हणाली, आजी, मुसळ खाली ठेवा. या माणसानं जन्मात तो उंबरठा ओलांडलेला नाही. अंगणात खुर्चीवर झोपतो. फोटो मी काढलेत. माझ्यासाठी कंदील तुम्हीच नाही का धरला होतात?

बाहेर एक मुसळ जमिनीवर टेकलं. मग हसू. हसू फार वेळ चाललं. मुसळं परवडली असती.

सगळ्या गेल्यावर तिनं दार वाजवलं. बाहेर आलो. भांडेल वाटलं होतं, भांडली नाही. विचारलं, भिंतीवर नाव कुणाचं दिलंय? म्हटलं, स्टुडिओचं. ती म्हणाली, माझं नाव लिहिता येतं ना तुम्हाला?

येतं म्हणालो. जरा चिडूनच म्हणालो. मग वाईट वाटलं, पण तोवर ती कोळसे पेटवायला गेली होती.

२४ ऑक्टोबर

जेनेबा आली. मला म्हणाली, चवळीखाऊ, सावली कुठंय तुमची? थट्टेचं नातं, रागावता येत नाही. ही कसली रीत काढून ठेवलीय वाडवडिलांनी!

दुपारभर तेनिनशी बोलत बसली. तेनिननं पलंगाखालून एक पेटी काढली. त्या फोटोंवर शिक्का नव्हता. मला दाखवा म्हटलं तर जेनेबा म्हणाली, काका, चहा बघता का? आमच्या रिवाजाप्रमाणे चहा तीन फेऱ्यांत द्यायचा, तिन्ही मी केल्या. पहिला कडू झाला. दुसराही. तिसऱ्यासाठी कुणी थांबलं नाही.

तर जेनेबानं ठरवलं, आख्खं प्रदर्शन आता तेनिनचं. मला आनंदच आहे. तिला घडवलं कुणी? उद्घाटनाचं भाषण आजच लिहायला घेतलं.

५ डिसेंबर, शनिवार

दारावर मोठ्या अक्षरात ‘तेनिन कोने’. कुलिबाली नाही. आमच्यात बाईचं माहेरचंच नाव राहतं, तेव्हा तक्रार करता येत नाही.

भाषण खिशात होतं. कुणी विचारलं नाही.

पहिल्या भिंतींपाशी बायका स्वतःला शोधत होत्या. सितान आजी स्वतःच्या घोरण्यासमोर उभी राहून डोळे टिपत होती. शेवटच्या भिंतीपाशी मात्र खूप गर्दी आणि हशा. ही माझीच भिंत असणार, असं मनानं घेतलं.

माझीच होती. बावीस वर्षांची लग्नं, आणि प्रत्येक फोटोत अंगणातल्या खुर्चीवर मी झोपलेला, खोलीच्या दारातून टिपलेला. आधी केस काळे, मग पिकलेले, मग नाहीतच. पोट फ्रेमगणिक वाढत गेलेलं. तोंड सगळीकडे उघडं.

आणि प्रत्येक फोटोत खुर्चीशेजारी झाकण घातलेलं ताट. जाग आल्यावर मी ते जेवायचो. मला वाटायचं, यजमान ठेवतात.

एकेक ताट मोजत गेलो.

तेवढ्यात बायकांनी हाक मारली. त्यांना त्या भिंतीसमोर सगळ्यांचा फोटो हवा होता, आणि हात मोकळे फक्त माझे. तेनिननं तिचा कॅमेरा दिला. कुठं उभं राहायचं ते सांगितलं. फोकस लावून दिला. मग जाऊन मधोमध उभी राहिली.

मी म्हणालो, हनुवटी वर. सगळ्या खो खो हसायला लागल्या. कुणीच वर केली नाही.

मग दाबलं बटण. कॅमेरा तिचा, जागा तिची, फोकस तिचा. माझं काय? बोट.