फोन मोकळा ठेवा

३ सप्टेंबर

चि. खारूस, अ. उ. आ.

तुझं नाव प्रतीक्षा यादीत नववं आहे. काल मी स्वतः मेडिकल कॉलेजात जाऊन बोर्डावर पाहिलं. एकदा चष्मा लावून पाहिलं, एकदा चष्मा पुसून पाहिलं. दोन्ही वेळा नऊच. आत ज्यांना जागा मिळाली आहे त्यांच्यापैकी कोणी दुसऱ्या कॉलेजात गेलं की यादी एकानं वर सरकते. पंचवीस तारखेला पाच वाजता यादी बंद होणार. त्यानंतर काही नाही.

खिडकीतल्या कारकुनानं सगळं नीट सांगितलं. मी तीनदा विचारलं म्हणून त्यानं तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं. नंबर लागला की ऑफिसातून फोन येतो. तीन वेळा लावून पाहतात. तिन्ही वेळा नाही लागला तर पुढच्या नावाला लावतात. फोन आला की त्याच दिवशी मूळ कागद घेऊन उमेदवारानं हजर व्हायचं, फार तर दुसऱ्या दिवशी. तुमच्या घरी फोन नाही म्हणून फॉर्मवर तू माझ्या दुकानाचा नंबर दिलास. तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता फोनसमोरून उठवत नाही.

तेव्हा मी असं ठरवलं आहे की पंचवीस तारखेपर्यंत माझ्या फोनवर कोणी फोन करायचा नाही. तू नाही, तुझी आई नाही. लॅबमध्ये काम करतेस तिथं फोन समोर असतो म्हणून हात शिवशिवतील, पण करायचा नाही. काय असेल ते पत्रानं. पत्र दोन दिवसांत येतं. आणि इथूनही कोणी फोन लावायचा नाही. शेजारचा चष्मेवाला सात वर्षं माझ्याच फोनवरून काचा मागवतो. त्यालाही बंदी. तो म्हणाला, काका, नात तुमची डॉक्टर होणार आणि ठेचकाळणार माझी गिऱ्हाइकं. म्हणू दे.

हातोडीही बंद ठेवली आहे. खिळा ठोकताना घंटा ऐकू आली नाही तर काय घ्या. सध्या फोटोंच्या फ्रेमांचे नुसते पुठ्ठे कापतो, त्याला आवाज नाही. तुझे मूळ कागद दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये घालून चार चिमटे लावून ठेवले आहेत. रोज सकाळी मोजतो. सात आहेत.

तुझ्या आईला म्हणावं, काळजी करू नकोस. काळजी करायला मी आहे.

कळावे. लोभ असू दे, फोन मात्र करू नका.

तुझे आजोबा


६ सप्टेंबर

ती. आजोबांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं. काळजी करायला तुम्ही आहात हे ऐकून ती म्हणाली की ते खरंच आहे, बाबांनी आजवर या घरात दुसऱ्या कोणाला काळजीला हात लावू दिलेला नाही. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि एकच भांडं बराच वेळ घासत बसली. तेव्हा तुमचा हक्क थोडा गेला आहे असं समजा.

कागद रोज मोजून सातचे आठ होणार नाहीत. झिजून सहा मात्र होतील.

माझं काम चालू आहे. सकाळी आठ ते चार रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि वहीत नावं उतरवायची. लॅबच्या मॅडम मला शिकवून तयार करायला तयार आहेत, पण दोन वर्षं इथंच राहीन असं लिहून द्यावं लागेल आणि ते याच महिनाअखेर. मी म्हटलं, पंचवीस तारखेनंतर सांगते. गेल्या वर्षी तर माझं नाव यादीतसुद्धा नव्हतं. तिसऱ्यांदा परीक्षेला बसायला आई नाही म्हणणार नाही, पण मीच बसणार नाही. तिनं शिवणयंत्रावर किती पाठ वाकवायची यालाही काही हद्द आहे. तेव्हा आजोबा, काय व्हायचं ते या पंचवीस तारखेच्या आत व्हायला हवं. नाहीतर मी मॅडमना सही देणार. हे आईला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

काल याच विचारात एका नळीवर मी स्वतःचंच नाव लिहिलं. मॅडम म्हणाल्या, तुझं रक्त उत्तम आहे, फक्त ते बहात्तर वर्षांच्या एका गृहस्थांचं आहे.

वेळेवर जेवत जा. फोन जेवायला बसत नाही म्हणून तुम्हीही बसायचं नाही असं नाही.

लोभ आहेच, तो पुठ्ठ्यात घालून चिमटे लावून ठेवावा.

तुमची खारू


१२ सप्टेंबर

चि. खारूस, अ. उ. आ.

खारू, चार. नवावरून चार. आधी ही बातमी वाच, मग बसून घे, मग पुढचं वाच.

मला फोन सोडून जाता येत नाही म्हणून रोज सकाळी चष्मेवाला वाट वाकडी करून कॉलेजात जातो आणि बोर्ड पाहून येतो. बदल्यात मी त्याच्या दुकानाची काच पुसतो. आज तो रस्त्याच्या पलीकडूनच चार बोटं वर करून आला. मला वाटलं चार वाजता यायला सांगतोय. कळलं तेव्हा माझ्या हातातली पट्टी खाली पडली आणि एका बाईंच्या लग्नाच्या फोटोचा पुठ्ठा तिरका कापला गेला. बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, तिरकाच बरा दिसतोय.

आता मनातली गोष्ट लिहितो. पहिले काही दिवस मी बसल्या बसल्या तुझ्या पुढच्या आठ जणांना जा, जा म्हणत होतो. मग वाटलं, त्यांचेही आजोबा कुठं तरी फोनजवळ बसले असतील. तेव्हापासून मी म्हणतो की त्यांना याहून मोठं कॉलेज मिळू दे. म्हणजे आपल्याकडून वाईट चिंतलं गेलं नाही, आणि ते गेले तर गेलेच.

मी चौथीपर्यंत शिकलो. या गावातल्या निम्म्या डॉक्टरांच्या पदव्या माझ्या दुकानात फ्रेम झाल्या आहेत. अठरा बाय चौदा, खाली उजवीकडे लाल शिक्का. वर इंग्रजीत काय लिहिलेलं असतं ते मला वाचता येत नाही, पण माप डोळे मिटून सांगेन. चाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं काचेखाली सरळ बसवली. एवढंच लिहितो, पुढचं लिहिलं तर दृष्ट लागेल अशी भीती वाटते.

तू सही देणार हे तुझ्या आईला सांगितलेलं नाही. पण तू मला सांगितलंस त्यामुळे माझी झोप गेली, हे तुला सांगून ठेवतो.

लोभ असू दे. फोन नको.

तुझे आजोबा


१५ सप्टेंबर

ती. आजोबांस, शि. सा. न. वि. वि.

चार वाचून मी लॅबमध्ये ओरडले. रक्त द्यायला आलेला एक पैलवान दचकून खुर्चीतून उठला, त्याला वाटलं सुई फार मोठी आहे.

आजोबा, रात्रभर जागं राहून ऑफिसचा फोन येणार नाही, ऑफिस पाचला बंद होतं. तुम्ही झोपा. आणि चष्मेवाल्या काकांना दिवसाआड एक तरी फोन करू द्या. ते माझ्यासाठी रोज तेवढं चालतात आणि त्यांच्या गिऱ्हाइकांनी चाचपडत फिरायचं, हे बरं नाही. एक मिनिटानं काही बिघडत नाही.

आईला वाटतं की मला काही वाटत नाही. परवा तिनं शेजारणीला सांगितलं की आमची मुलगी अगदी शांत आहे. मी शांत नाही. मी प्रत्येक गोष्ट मोजायला लागले आहे, जिन्याच्या पायऱ्या, नळ्या, बसमधली माणसं. चार आलं की चांगलं वाटतं आणि नऊ आलं की पुन्हा मोजते. हे कोणाकडून आलं ते मी विचारत नाही.

लोभ वाढता असावा, नंबर उतरता.

तुमची खारू


१८ सप्टेंबर

चि. खारूस, अ. उ. आ.

एक. तुझ्या पुढं आता कोणी नाही. एक जागा रिकामी झाली की फोन तुलाच. चष्मेवाला आज बोट वर न करताच आला, नुसता हसत होता, आणि मला सांगायच्या आधी त्यानं चहा मागवला. मी म्हटलं, बाबा, छळू नकोस.

त्याला फोन करू द्यायचं तू लिहिलंस. मी त्याला तुझं पत्र दाखवलं. तो म्हणाला, आता इतक्यावर आलंय तर पंचवीसपर्यंत मीच करणार नाही. माणूस बरा आहे, फक्त तोंड बंद ठेवत नाही.

पण इथं एक नवीनच घोर लागला आहे. परवापासून आमचा रस्ता खणताहेत. खणणारे कुदळ मारतात तेव्हा मी पुठ्ठा टाकून दाराशी जातो. त्या खड्ड्यात तारा दिसतात, काळ्या आणि राखाडी. आपली कुठली ते कोणी सांगत नाही. समजा ती तुटली तर मी इथं मुक्या फोनसमोर बसून राहायचो आणि तिकडं तुझं नाव निघून जायचं.

म्हणून मी एक उपाय काढला आहे. घड्याळाचा काटा पाच मिनिटं पुढं सरकला की मी रिसीव्हर उचलतो आणि कानाला लावतो. आत घूं असा आवाज आला म्हणजे फोन जिवंत आहे. आधी नुसता उचलून ठेवायचो. पण आवाज मधेच तुटतोय का तेही पाहायला हवं, म्हणून आता चांगला वेळ धरून ठेवतो. सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत एकदाही चुकवलेलं नाही. जेवतानासुद्धा एका हातानं जेवतो आणि एका हातानं ऐकतो. तेव्हा तू अजिबात काळजी करू नकोस, इकडची बाजू पक्की आहे.

लोभ असू दे. फोन करू नकोस, आता तर मुळीच नको.

तुझे आजोबा


२२ सप्टेंबर

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

मला कॉलेजात प्रवेश मिळाला, हा निरोप मॅडमनी तुला काल सांगितला असेलच. मी ऑफिसातूनच त्यांना फोन केला होता. त्यांनी सहीचा कागद माझ्यासमोर नसला तरी फोनवर ऐकू येईल असा टरकावला. ही नुसती हकिकत, आजोबांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून लिहिते आहे.

परवा संध्याकाळी टपालानं आजोबांचं पत्र आलं आणि मी वाचता वाचता चप्पल घालून लॅबकडे पळाले, ते याचसाठी. तुला तेव्हा काही सांगितलं नाही कारण पाच वाजायला थोडीच मिनिटं होती. ते दर पाच मिनिटांनी रिसीव्हर उचलून कानाला लावून बसतात, आई. म्हणजे तेवढा वेळ बाहेरून कोणी लावला तर फोन एंगेज. मी लॅबमधून चारदा लावला, चारही वेळा एंगेज. तोवर पाच वाजून गेले, मग बंद दुकानात घंटा नुसती वाजत राहिली.

म्हणून काल सकाळची पहिली बस धरली. अकराला कॉलेजच्या खिडकीशी उभी राहिले आणि नाव सांगितलं. कारकुनानं वहीत पाहिलं. म्हणाला, परवा दुपारी एकदा लावला, आज सकाळी एकदा लावला, सारखा एंगेज, तुमच्या घरात बोलतं तरी कोण एवढं. आता तिसऱ्यांदा लावणार होतो. त्यानं माझ्यासमोर नंबर फिरवला, ऐकलं आणि रिसीव्हर माझ्याकडे वळवला. एंगेज. त्याच्या वहीत माझ्या खालचं नाव मला उलटं दिसत होतं. मी म्हटलं, साहेब, पलीकडे माझे आजोबा आहेत आणि ते फोन चालू आहे की नाही हे बघताहेत. त्यानं रिसीव्हर खाली ठेवला. मग विचारलं, ते म्हातारे गृहस्थ का, ज्यांना मी तीनदा समजावून सांगितलं. मी हो म्हटलं. त्यानं माझ्या नावापुढे खूण केली आणि कागद आणायला सांगितलं.

मी धावत दुकानात आले. आजोबा रिसीव्हर कानाला लावून बसले होते. मला पाहून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मी सांगितलं की प्रवेश मिळाला, तर म्हणाले, फोन आलेला नाही, तुला कोणी काय सांगितलं कोण जाणे, तू आधी हळू बोल. मी पुठ्ठ्यातून सात कागद काढून घेतले. कॉलेजात ते जमा केले, पावती घेतली. तरी मला माहीत होतं की पावती दाखवून यांचं समाधान होणार नाही. म्हणून त्या कारकुनाला मी एक विनंती केली. पुढचं त्यांनाच लिहू दे.

तुझ्यासाठी जीव कासावीस झाला आहे. रविवारी येते.

तुझी खारू


२२ सप्टेंबर

चि. ताईस, अ. उ. आ.

पोरीनं माझं गाऱ्हाणं तुझ्याकडे केलं असेल. बोलणारं कोणी नसताना फोन एंगेज कसा होतो हे मला अजून नीट पटलेलं नाही, पण चष्मेवाला म्हणतो तसंच असतं, कारकून म्हणतो तसंच असतं, तेव्हा असेल. माझ्या हातानं पोरीचं वर्ष जात होतं. काल ते कळल्यापासून माझे हात मला बघवत नाहीत. ती मात्र हसते, आणि तेच हात धरून हसते.

झालं असं. ती कागद घेऊन गेली आणि मी पुन्हा रिसीव्हर उचलणार, तेवढ्यात चष्मेवाला आत आला. तिनंच जाता जाता त्याला सांगून ठेवलं होतं. त्यानं माझी दोन्ही मनगटं धरली आणि समोर बसला. म्हणाला, काका, आज मला फोन करू दिला नाहीत तरी चालेल, पण तुम्हीही तो उचलायचा नाही. काटा पाच मिनिटं सरकला. दहा सरकला. मी म्हटलं, तार तुटली असेल. तो म्हणाला, तुटू दे. अर्धा तास झाला आणि घंटा वाजली.

तीन आठवडे मी एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं, फोन आल्यावर काय बोलायचं. नमस्कार, मी उमेदवाराचा आजोबा, कागद तयार आहेत, असं सगळं. पुठ्ठा समोर होता, पण अक्षरं दिसेनात. पलीकडून कारकुनानं तुझ्या मुलीचं पूर्ण नाव घेतलं, तुमच्या नातीला प्रवेश मिळाला आहे म्हणाला. मी विचारलं, चुकीचा नंबर तर नाही ना लागला. तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्यानं पुन्हा सांगितलं. मी आणखी एकदा सांगा म्हटलं, तर म्हणाला, तुम्हाला तीनदाच लागतं हे मला ठाऊक आहे, आणि तिसऱ्यांदाही सांगितलं, या वेळी आवाज न चढवता.

आता चष्मेवाला सकाळपासून फोनला चिकटला आहे. एकवीस गिऱ्हाइकांच्या काचा मागवायच्या आहेत. मी हातोडी बाहेर काढली. तेवीस फ्रेमा खिळ्यांवाचून पडल्या होत्या, त्यातल्या अकरा आज ठोकल्या. तिरक्या पुठ्ठ्याच्या बाई आपली घेऊन गेल्या. चोविसावी अठरा बाय चौदाची आहे. ती मी नऊ नंबर होता तेव्हाच कापली होती, तुला किंवा खारूला कळू दिलं नाही. ती आत्ता ठोकत नाही. तिचं लाकूड अजून ओलं आहे, चार-पाच वर्षं मुरेल तर पुढं वाकणार नाही. मलाही तेवढा वेळ इथं थांबायला एक कारण झालं.

ठोकण्याच्या आवाजात घंटा ऐकू येत नाही, तेव्हा जास्त वेळ वाजू दे.

कळावे. लोभ असू दे, आणि फोन कर.

तुझे बाबा